न झिजलेलं बटण

चौगुले आण्णांचा अंगठा खोटं बोलत नाही, हे इचलकरंजीचे सगळे खेळाडू मानत. स्पर्धेच्या सकाळी प्रत्येकाने आपापला कन्सोल तपासणीच्या टेबलावर आणून ठेवायचा. आण्णा तो काट्यावर टाकत, मागचं झाकण उघडून भिंगातून आत डोकावत, बाहेरच्या जगाशी त्याचा संपर्क तुटलाय ना ते पाहत आणि सगळ्यात शेवटी डोळे मिटून एकेका बटणावरून अंगठा फिरवत. हे शेवटचं काम नियमावलीत कुठेच नव्हतं. पण आण्णांनी आधी वीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केलेले आणि पुढची पंधरा वर्षं ही खेळायची यंत्रं. झीज हाताने वाचायची सवय जायची कशी? कुणाचं ढालीचं बटण झिजलंय आणि कुणाचं वाराचं, यावरून ते खेळणाऱ्याचा स्वभाव सांगत. खेळणारे नाक मुरडत ऐकून घेत आणि घरी गेल्यावर विचार करत.

ऋजुता मगदूमचा कन्सोल हातात आला तेव्हा त्यांचा अंगठा वाराच्या बटणावर थांबला. पुढे गेला, परत आला आणि पुन्हा थांबला.

"पोरी, हे बटण कवा बदललंस?"

"नाही बदललं, आण्णा."

"दोन वर्सं ह्योच कन्सोल हाय न्हवं?"

"हाच. दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागू दिलेला नाही."

त्यात बढाई नव्हती. परका हात लागला की कन्सोल बिघडतो, अशी खेळाडूंची पक्की समजूत होती. ऋजुताचा नवरा सन्मती तिचा कन्सोल उचलायचा तोसुद्धा फडक्याने धरून, चुलीवरचं भांडं उतरवावं तसा. आण्णांना तेवढी सूट होती, कारण त्यांच्या हातात तो बंद असताना जायचा.

आण्णांनी डोळे उघडून बटण भिंगाखाली धरलं. त्यावर कारखान्यातून आलेली तलवारीची सोनेरी रेघ होती. बाकीच्यांच्या कन्सोलवर ती तीन-चार महिन्यांत पुसून जायची. इथे ती कालच छापल्यासारखी दिसत होती.

"आतली नोंद म्हणतीया चार लाख वार झाले," आण्णा पुटपुटले. "चार लाख. आणि रेघ तशीच."

"हात हलका आहे तिचा!" मागे रांगेतून कुणीतरी म्हणालं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. ऋजुताही हसली. आण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी मोहोर मारली, कन्सोल परत दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फायनलच्या आदी माज्याकडं येऊन जा. एकटी ये."

ऋजुता एकतीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती कापडाच्या प्रयोगशाळेत भिंगाखाली धागे मोजत होती आणि खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचं काम असं तिचं मत होतं. मग लग्नाच्या वाढदिवसाला सन्मतीने हौसेने 'हस्तक' कंपनीचा कन्सोल आणला आणि वर्षभरात बाईंनी जिल्हा जिंकला. जुने खेळाडू म्हणायला लागले, कानामागून आली आणि तिखट झाली. त्यात थोडा मत्सर होता, पण चूक काही नव्हती. आजची फायनल जिंकली की ती राज्याच्या संघात जाणार होती.

खेळाचं नाव तटबंदी. किल्ल्याच्या तटावर दोघे समोरासमोर उभे. एका बटणाने ढाल वर करायची, एका बटणाने वार. समोरच्याची ढाल खाली आली की ज्याचा वार आधी पोचेल तो तटावर राहतो आणि दुसरा खंदकात. हे 'आधी' म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्यांना ते दिसतही नाही.

इथेच हस्तकने सगळ्यांवर मात केली होती. जुने कन्सोल बटण दाबलं जायची वाट बघत. आपण बटण दाबायचं ठरवतो तेव्हा मेंदूतून हुकूम निघतो आणि मानेतून, दंडातून खाली हातात येतो. तिथे स्नायू आवळायच्या आधी विजेची एक बारीक लहर उठते आणि ती वरच्या कातडीवरही पकडता येते. लहर उठल्यापासून बोट खाली जाईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. हस्तकच्या पाठीवर, जिथे तळवे टेकतात तिथे, धातूचे बारीक ठिपके होते. ते लहर ओळखत आणि बोट हलायच्या आत वार सोडत. बोट मागाहून यायचं आणि झालेल्या कामावर बटण दाबायचं.

प्रत्येक माणसाची लहर वेगळी, त्यामुळे यंत्राला मालकाचा हात महिनोन्महिने शिकावा लागे. म्हणूनच आयोजकांनी यंत्रं पुरवायचं बंद केलं आणि ज्याने त्याने आपापला कन्सोल घरून आणावा, असा नियम आला. किती बारीक लहर ऐकायची हेही ठरवता येई. त्याला खेळाडू यंत्राचा कान म्हणत. नवा कन्सोल यायचा तो एकवर. सन्मती दर दोन महिन्यांनी ऋजुताच्या कन्सोलचा कान एका घराने तिखट करायचा. आता तो दहावर होता. त्याच्या पुढे घर नव्हतं.

उपांत्य सामना तिने सात मिनिटांत संपवला. स्पर्धा भरली होती एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये. माग गेले, पण छताच्या लोखंडी कैच्यांना कापसाची तूस अजून चिकटून होती आणि काचेतून येणाऱ्या उन्हात ती हलताना दिसे. पडद्यावर ऋजुताचे हात मोठे करून दाखवले जात होते. निवेदक रंगात आला होता.

"मंडळी, मगदूमबाईंचा अंगठा हललेला कुणी बघितलाय का? बघितला असेल त्यानं हात वर करा. याला म्हणतात सफाई!"

लोक ओरडत होते. ऋजुताने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरचा तिचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता, पाटावर ठेवलेल्या सुपारीसारखा. समोरचा मिरजेचा खेळाडू खंदकात पडत होता, आणि तिला तर अंगठा दाबल्याचं नीट जाणवत होतं. दर वेळी. तिला उगाचच तहान लागली.

प्रेक्षकांत सन्मती उभा राहून नाचत होता. त्याच्या शेजारी त्यांची सहा वर्षांची रेवा पाठीवर दप्तर आणि मांडीवर शाळेची पाटी घेऊन बसली होती. यंदा जूनपासून शाळेने पहिलीच्या सगळ्या मुलांना या पेनने लिहायच्या सुलेखन पाट्या दिल्या होत्या. रेवाचं अक्षर छापल्यासारखं यायचं आणि तिची आजी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. रेवाने पाटी वर धरली. तिच्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'माझी आई जिंकली'.

फायनल चारला होती. मध्ये जेवून येऊ म्हणून तिघे बाहेर पडले. खानावळ रस्त्याच्या पलीकडे. सन्मती फोनवर बोलत दोन पावलं पुढे होता. रेवाचा हात ऋजुताच्या हातात होता आणि दुसऱ्या हाताने तिने पाटी छातीशी धरली होती.

डाव्या बाजूने सुताच्या पेट्या भरलेला टेम्पो आला. हल्ली या गाड्यांना आवाज नसतो, त्या अंगावर आल्यावरच कळतात. ऋजुताने तो पाहिला. रेवाला पलीकडे आइस्क्रीमची गाडी दिसली होती आणि तिने हिसका दिला. ऋजुताने टेम्पोवरची नजर न काढता मूठ आवळली. मूठ आवळली गेली, हे तिला पक्कं जाणवलं. लेकीची बोटं आपल्या मुठीत गच्च आहेत, अशी खात्री मनात उमटली आणि ती निश्चिंत झाली.

मग तिने रेवाला रस्त्याच्या मधोमध धावताना पाहिलं.

सन्मतीने मागे वळून फोन टाकला आणि पोरीची कॉलर धरून खेचली. टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर उतरून आईबापांचा उद्धार करायला लागला. रेवा भेदरून रडत होती आणि तिची पाटी डांबरावर पडली होती.

"ऋजू! हात का सोडलास तिचा?"

ऋजुता आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. बोटं सैल होती, दार लोटताना असतात तशी. "मी सोडला नाही," ती म्हणाली. "मी घट्ट धरला होता. सन्मती, मी धरला होता."

सन्मतीने तिच्याकडे जरा विचित्रच पाहिलं. मग टेन्शन असेल म्हणाला, रेवाला कडेवर घेतलं आणि खानावळीत शिरला. ऋजुताचं ताट तसंच राहिलं. तिला एकेक आठवायला लागलं. पंधरा दिवसांपूर्वी दूध वर येताना तिने पाहिलं होतं आणि गॅस बंद केला होता. तरी दूध उतू गेलं, कारण बटण चालूच होतं. आठवड्यापूर्वी सासूबाईंनी दिलेला कप तिने घेतला होता आणि तो फरशीवर फुटला होता. त्यावर घरात हसणं झालं होतं, चॅम्पियनबाईंची तंद्री म्हणून. तीही हसली होती. दूध आणि कप ठीक होतं. आज रेवा होती.

"तुम्ही जेवा," ती उठत म्हणाली, "मी आण्णांना भेटून येते."

आण्णांची बैठक शेडच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी मुकादम बसायचा. ती आत येताच तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी दार लावून घेतलं.

"काय झालं?"

तिने रस्त्यावरचं सांगितलं. दूध आणि कपही सांगितला. आण्णांनी कपाटातून एक जुनाट कन्सोल काढून तिच्या हातात दिला. काळा, साधा. पाठीवर ठिपके नाहीत, काही नाही.

"ह्यो कोरा हाय. ह्याला कान न्हाई. दाबलं तरच चालतो. दहा वार कर."

तिला हसू आलं. लहान मुलं असल्या कन्सोलवर शिकायची. तिने पडद्यावरचा सरावाचा पुतळा पाहिला, ढाल खाली आली, तिने वार केला. पुतळा उभाच. परत वार केला. दहा वार झाले. पुतळा जागचा हलला नव्हता.

"बिघडलाय हा, आण्णा."

आण्णांनी तो हातात घेतला, बटण दाबलं आणि पुतळा खंदकात गेला. मग त्यांनी टेबलावर उभा करून ठेवलेला आपला फोन तिच्यापुढे धरला. त्यांनी चित्रण केलं होतं. चित्रात ऋजुता मन लावून खेळत होती. तिचे डोळे पुतळ्यावर होते, ओठ मिटलेले होते आणि दर वेळी तिची मान जराशी पुढे जात होती. अंगठा मात्र एकदाही हलला नव्हता. दहापैकी एकदाही नाही.

"पण मी दाबलं," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मला कळलं ना दाबल्याचं."

"तिथंच तर खरी गोम हाय."

आण्णांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग सावकाश, एकेक टाका घालावा तसं सांगितलं. मेंदू हातावर विश्वासून बसत नाही. हुकूम दिला की तो परिणामाची वाट बघतो. काम झालेलं डोळ्यांना दिसलं की तो समजतो, हुकूम पाळला गेला. आता दोन वर्षं काय झालं? हुकूम तळहातापर्यंत यायचा, यंत्र तो वाटेतच उचलायचं, वार व्हायचा आणि डोळ्यांना काम झालेलं दिसायचं. बोट हललं काय, न हललं काय, फरक पडत नव्हता. मेंदू काटकसरी. जेवढ्यात काम होतं त्याच्यापेक्षा जास्त जोर तो लावत नाही. त्याने हुकूम बारीक केला. यंत्राने कान तिखट केला. मेंदूने हुकूम आणखी बारीक केला. शेवटी तो हुकूम यंत्राला ऐकू येण्यापुरता उरला, स्नायू हलवण्यापुरता नाही.

"आयतं ताट वाडून मिळालं की चुलीकडं कोण जातंय?" आण्णा म्हणाले. "आणि ही सवय कन्सोलपुरती ऱ्हात न्हाई, पोरी. हात तोच, मेंदू तोच. घाईच्या येळी, डोळं दुसरीकडं असताना, तो आर्ध्यावरच काम सोडतो आणि वर सांगतो, झालं म्हणून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ह्या वर्सात तुजं तिसरं बटण. पैला खेळाडू जयसिंगपूरचा हुता. त्येनं मोटरसायकलचा ब्रेक दाबला हुता म्हणं. शेवटपत्तूर त्येच म्हणत हुता दवाखान्यात." आण्णांनी जुनाट कन्सोल परत कपाटात ठेवला. "कंपनीला तीन पत्रं धाडली. त्यांचं उत्तर आलं, खेळाडूंचा हात हलका हुतोय हे आमच्या यंत्राचं यश हाय."

ऋजुताने दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते तिचेच होते. डाव्या मनगटावर लहानपणी इस्त्रीने भाजल्याचा डाग होता, उजव्या करंगळीला रेवाने कालच लावलेलं नेलपॉलिश होतं. तिला त्यांची भीती वाटली. अशी भीती तिला आजवर कशाचीच वाटली नव्हती. चोराला कडी लावता येते. हाताला काय लावणार?

"बरं होईल का हे?"

"तुज्या हातानं आदी शिकल्यालं हाय. धागं मोजलंस, भाकरी थापलीस, लिवलंस. शिकून विसरल्यालं परत येतं. पर आजपास्नं हस्तकला शिवायचं न्हाई. एक डावसुद्दा न्हाई. आणि काय बी करताना हाताकडं बघायचं आणि तोंडानं म्हणायचं. धरते, म्हणायचं आणि धरायचं. डोळं हातावर आसलं की मेंदूला खोटी पावती मिळत न्हाई. करून बघ."

तिने तांब्याकडे नव्हे, हाताकडे पाहिलं. "धरते," ती म्हणाली. बोटं थरथरली आणि मग एकेक करून तांब्याभोवती आवळली गेली. तेवढ्या कामाने तिच्या कपाळावर घाम आला.

दार वाजलं. सन्मती रेवाला घेऊन आला होता. "अगं, चारला दहा कमी आहेत! निवेदक नाव पुकारतोय तुझं."

ऋजुताने त्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो हादरेल. तो हादरला, पण त्याचे डोळे घड्याळाकडे जात राहिले.

"आजचा एकच सामना, ऋजू. आठ-दहा मिनिटं. उद्यापासून बंद. मी स्वतः कपाटात टाकतो तो."

"एक डावसुद्धा नाही म्हणालेत आण्णा."

"दोन वर्षं घातलीयस तू यात. दहा मिनिटांनी काय होणार आहे?"

"दहा मिनिटांनी हुकूम अजून बारीक होईल." मग ती थांबली. काहीतरी तिच्या ध्यानात आलं होतं. "सन्मती, तू रोज माझ्या शेजारी बसायचास. माझा अंगठा हलत नाही, हे तुला दिसलं नाही?"

सन्मती जमिनीकडे बघत म्हणाला, "दिसलं होतं. दिवाळीच्या सुमारास."

"मग?"

"मला वाटलं, हात किती हलका झालाय तुझा. सगळे म्हणायचेच की. मला अभिमान वाटला गं. म्हणून तर कान दहावर नेला."

तिला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली. त्याने एकट्याने थोडीच ही चूक केली होती. अख्खी शेड टाळ्या वाजवत होती. जो हात मरत चालला होता, त्याला सगळे मिळून सफाईदार म्हणत होते. तिनेही तेच केलं होतं.

"ती रस्त्यात होती, सन्मती," ती हळू म्हणाली. "आणि मला वाटत होतं, ती माझ्या मुठीत आहे. उद्या तू दोन पावलं पुढे नसलास तर?"

सन्मतीने रेवाकडे पाहिलं. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि तिथे खानावळवाल्याने हळद लावली होती. तो खाली बसला, लेकीचा फ्रॉक उगाच सारखा केला आणि म्हणाला, "नको खेळूस."

माघारीचा अर्ज स्पर्धकाने स्वतःच्या हस्ताक्षरात, तपासणीसासमोर लिहायचा असा नियम होता. मागच्या वर्षी कुणीतरी प्रतिस्पर्ध्याच्या नावाने संगणकावरून खोटा अर्ज पाठवला होता, तेव्हापासून कागदच. आण्णांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली.

बाहेर निवेदक दुसऱ्यांदा तिचं नाव पुकारत होता. ऋजुताने पेन्सिल धरली. नजर बोटांवर ठेवली आणि पहिलीतल्या मुलासारखं मोठ्याने म्हणत लिहू लागली. "मी... ऋ... जु... ता..." अक्षरं वाकडी येत होती. मधेच बाहेर टाळ्या झाल्या, तिची नजर हलली आणि तिला वाटलं, 'मगदूम' लिहून झालं. कागदावर फक्त 'म' होता. ती परत मागे आली. दोन ओळींना तिला पाच मिनिटं लागली. सन्मती शेजारी उभा राहून बघत होता, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सही झाली. आण्णांनी मोहोर मारून फोनवर आयोजकांना कळवलं. ऋजुताने श्वास सोडला. हरल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या खाली एक दिलासाही होता. संकट कुठे आहे ते कळलं होतं, त्याला नाव मिळालं होतं आणि ते हस्तकच्या डबीत बंद होतं. महिने लागतील, तर लागोत. ती रेवाचा हात रोज डोळ्यांनी बघून धरेल.

"आई, किती घाण अक्षर काढलंस," रेवा टेबलावर हनुवटी टेकवून म्हणाली.

सगळे हसले. खोलीतलं ते पहिलं हसू.

"तू काढून दाखव मग छान."

"पाटी फुटली ना पण रस्त्यावर."

"कागदावर काढ. हे घे." ऋजुताने तिला खुर्चीवर उभं केलं. "लिही, आई."

रेवाने पेन्सिल हातात घेतली. पकड अगदी बाईंनी शिकवली तशी, तीन बोटांत. टोक कागदाला टेकवलं. जीभ दातांत धरली आणि मान जराशी पुढे झाली.

बाहेर फायनल रद्द झाल्याची घोषणा चालली होती.

"झालं," रेवा म्हणाली आणि आईकडे बघून हसली.

कागदावर पेन्सिलचा एक ठिपका होता.

"बाळा, लिही ना," सन्मती म्हणाला. "नुसतं टेकवू नकोस."

"लिहिलं की! आ आणि मोठी ई." रेवाने कागदाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ही पेन्सिल बिघडलीय."

आण्णांनी रेवाच्या दप्तरातून फुटलेल्या पाटीचं पेन काढलं. त्याच्या मुठीत, जिथे लहान बोटं टेकतात तिथे, धातूचे बारीक ठिपके होते. त्यांनी डोळे मिटले आणि पेनच्या टोकावरून अंगठा फिरवला. जूनपासून लिहिणाऱ्या पेनचं टोक. त्यांचा अंगठा पुढे गेला, परत आला आणि थांबला.

"वर्गात कितीजणं हायती गं, बाळ?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस," रेवा म्हणाली. "सगळ्यांचं अक्षर छान येतं."

शिकून विसरलेलं परत येतं, असं आण्णा मघाशी म्हणाले होते. रेवाचा हात तर लिहायला कधी शिकलाच नव्हता. ऋजुताने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजरेला नजर दिली नाही.

ती खुर्चीमागे गेली. मागून वाकून तिने लेकीची पेन्सिल धरलेली इवलीशी मूठ आपल्या मुठीत घेतली. "धरते," ती म्हणाली आणि धरली. मग दोघींच्या हातांवर नजर रोवली.

"माझ्याबरोबर म्हण. आ."

"आ," रेवा म्हणाली.

पेन्सिल जागची हलली नाही, आणि दोघींपैकी कुणाचा हात अडला होता, ते ऋजुताला कळेना.